सायबर कॅफेच्या संगणकावर क्रोमची 'गेस्ट' खिडकी: काय पुसते, काय मागे ठेवते

निकाल लागले की तालुक्याच्या गावातलं प्रत्येक झेरॉक्सचं दुकान भरून जातं. तीन-चार संगणक, त्यांच्यावर दिवसभर एकामागून एक बसणारी माणसं आणि प्रत्येकाच्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पासबुकाचं पहिलं पान. सीईटीचा फॉर्म, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, एमपीएससीचा अर्ज हे सगळं मोबाइलवर उघडतं, पण फोटो ठरावीक केबीत बसवायचा, सही कापायची, पीडीएफ जोडायची आणि शेवटी पावतीची प्रिंट घ्यायची म्हटलं की पाय दुकानाकडेच वळतात. त्या संगणकावर आपल्या आधी कोण बसलं होतं आणि नंतर कोण बसणार, यातलं काहीच आपल्या हातात नसतं.

अशा संगणकासाठी फुकटात मिळणारं सगळ्यात कामाचं साधन म्हणजे क्रोमची गेस्ट खिडकी. बहुतेक दुकानांत क्रोम असतोच, म्हणजे वेगळं काही बसवायला नको. तरीही लोक एक तर दुकानदाराच्या उघड्या खिडकीतच जीमेल उघडतात, नाहीतर इन्कॉग्निटो उघडून निर्धास्त होतात. गेस्टला आम्ही ५ पैकी ४ गुण देऊ आणि इन्कॉग्निटोला ३. हा एका गुणाचा फरक लहान वाटेल, पण सामायिक संगणकावर नेमका तोच महत्त्वाचा आहे.

इन्कॉग्निटो बनवलं गेलं ते संगणकाच्या मालकासाठी. स्वतःच्याच संगणकावर थोडा वेळ इतिहास लिहिला जाऊ नये, एवढंच त्याचं काम. ते मालकाच्या प्रोफाइलच्या, म्हणजे क्रोममधल्या त्याच्या स्वतःच्या खणाच्या, पोटातच चालतं. म्हणून दुकानदाराचे बुकमार्क तिथे दिसतात, आणि तुम्ही चुकून तारा दाबलात तर तुमचा बुकमार्क त्याच्या यादीत कायमचा जाऊन बसतो. एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी जास्तीची सॉफ्टवेअरं, एरवी इन्कॉग्निटोत बंद असतात, पण मालकाने 'अलाऊ इन इन्कॉग्निटो' हे बटण एकदा चालू केलं असेल तर ती तुमच्या खिडकीतही चालतात. पानावरचा मजकूर वाचण्याची परवानगी असलेलं एक्स्टेन्शन तुम्ही टाइप केलेला पासवर्डही वाचू शकतं. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. एका प्रोफाइलच्या सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्यांचं सत्र एकच असतं. आधीच्या माणसाने एक इन्कॉग्निटो खिडकी खाली मिनिमाइझ करून ठेवली असेल, तर तुमची 'नवी' इन्कॉग्निटो खिडकी त्याच सत्रात उघडते. जीमेल उघडायला जावं आणि भलत्याच माणसाचा इनबॉक्स समोर यावा, तो यामुळे. उलटही तेच होतं. तुम्ही तुमची खिडकी बंद करून उठलात, पण दुसरी एक इन्कॉग्निटो खिडकी मागे उघडी राहिली, तर तुमचं लॉगिन जिवंतच राहतं.

गेस्टमध्ये प्रोफाइलच वेगळं आणि कोरं असतं. दुकानदाराचे बुकमार्क, साठवलेले पासवर्ड, ऑटोफिलमधले पत्ते आणि एक्स्टेन्शन यांतलं काहीही तिथे येत नाही. शेवटची गेस्ट खिडकी बंद झाली की कुकीज, इतिहास आणि साइटचा साठवलेला डेटा जातो. गूगलच्या लॉगिन पानावर 'हा तुमचा संगणक नाही का? गेस्ट मोड वापरा' अशा अर्थाची ओळ असते. ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते, पण गूगलने दिलेला तो सल्ला अचूक आहे.

साध्या खिडकीत जीमेल उघडण्याचा धोका याहून मोठा आहे. सप्टेंबर २०१८ मधल्या क्रोम ६९ पासून जीमेलमध्ये लॉगिन केलं की ब्राउझरलाही तेच खातं चिकटतं. पुढे 'सिंक चालू करू का' असं विचारणाऱ्या चौकटीवर घाईत होकार गेला, तर तुमचे साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क त्या दुकानाच्या संगणकावर उतरू लागतात. गेस्टमध्ये सिंकची सोयच नाही, त्यामुळे ही चूक तिथे घडूच शकत नाही.

गेस्ट उघडायला क्रोमच्या वरच्या पट्टीत उजवीकडे, तीन ठिपक्यांच्या शेजारी जो गोल फोटो किंवा अक्षर असतं त्यावर क्लिक करायचं. उघडलेल्या यादीत खाली 'गेस्ट' असतं. ते दाबलं की करड्या रंगाची नवी खिडकी येते आणि तुम्ही पाहुणे आहात असं त्यावर लिहिलेलं असतं. गर्दीत मेनू शोधत बसायचं नसेल तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत क्रोम, मग एक जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून गेस्ट असं टाइप करा आणि एंटर दाबा. यादीत गेस्टच नसेल तर संगणक सांभाळणाऱ्याने ते धोरणाने बंद केलेलं असतं. कॉलेजच्या लॅबमध्ये हे होतं. तिथे कंट्रोल, शिफ्ट, एन दाबून इन्कॉग्निटो वापरा, पण त्याआधी टास्कबारवर क्रोमच्या चिन्हावर माउस नेऊन आधीची एकही काळी खिडकी उरलेली नाही ना, हे बघा. असेल तर ती बंद करून मगच स्वतःची उघडा.

आता कापलेल्या एका गुणाविषयी, कारण दुकानात होणारी बहुतेक गळती तिथूनच होते. ब्राउझर स्वतःची आठवण पुसतो, संगणकाची पुसत नाही. डाउनलोड झालेली फाइल डाउनलोड्स फोल्डरमध्ये तशीच राहते. त्यात अडचण अशी की खिडकी बंद झाल्यावर डाउनलोडची यादी जाते आणि फाइल मात्र राहते. म्हणजे काय काय उतरवलं होतं हे तुम्हाला आठवत नाही, आणि पुढच्या माणसाला ते सगळं दिसतं. म्हणून गेस्ट खिडकी बंद करण्याआधी कंट्रोल आणि जे दाबायचं. या सत्रात उतरलेली प्रत्येक फाइल समोर येते. प्रत्येकीशेजारी फोल्डरचं चिन्ह असतं, त्यावर क्लिक केलं की फाइल जिथे पडली आहे तिथे नेऊन पोचवतं. तिथे फाइल निवडून शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबायचं. नुसतं डिलीट दाबलं तर ती रीसायकल बिनमध्ये जाते, आणि दुकानांमधले रीसायकल बिन महिनोन् महिने कुणी रिकामे करत नाही. 'फाइल वापरात आहे' असा संदेश आला तर ती वर्डमध्ये किंवा पीडीएफ वाचकात उघडी असते. आधी तिथून बंद करा, मग पुसा. शिफ्ट-डिलीट केलेली फाइलही जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने परत काढता येऊ शकते. एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या नव्या डिस्कवर, ती शक्यता बरीच कमी असते, कारण पुसलेली जागा डिस्क स्वतःच लवकर साफ करते. आणि जी फाइल उतरलीच नाही ती पुसायचा प्रश्नच येत नाही, म्हणून पेनड्राइव्ह जवळ असेल तर दुव्यावर माउसचं उजवं बटण दाबून 'सेव्ह लिंक ॲज' घ्या आणि थेट पेनड्राइव्ह निवडा.

ई-आधारची फाइल यात सगळ्यात नाजूक. तिला पासवर्ड असतो म्हणून लोक ती बिनघोर सोडून जातात. पण तो पासवर्ड कसा तयार होतो हे जगजाहीर आहे: नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्माचं साल, एकूण ८ चिन्हं. नाव तर त्याच दिवशी भरलेल्या फॉर्मच्या पीडीएफवर छापलेलं असतं, आणि ती फाइल त्याच फोल्डरमध्ये शेजारी पडलेली असते. जन्मतारीखही तिथेच. शक्य असेल तिथे मास्क्ड आधार घ्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. दाखला डिजिलॉकरमध्ये असेल आणि ब्राउझरमध्येच उघडत असेल तर उतरवण्याऐवजी तिथूनच कंट्रोल आणि पी दाबून प्रिंट द्या.

प्रिंट देतानाही दोन ठिकाणी लोक फसतात. क्रोमच्या प्रिंट चौकटीत 'डेस्टिनेशन' या जागी पुष्कळदा 'सेव्ह ॲज पीडीएफ' आधीच निवडलेलं असतं. घाईत बटण दाबलं की कागद येत नाही, मात्र संगणकावर एक फाइल जमा होते. कागद आला नाही म्हणून माणूस पुन्हा दाबतो आणि दोन फाइली होतात. दुसरी फसगत प्रिंटरच्या रांगेत होते. कागद संपला, प्रिंटर बंद होता, तर तुमचं काम रांगेत अडकून राहतं. संगणक बंद करून पुन्हा चालू केला तरी ते जात नाही, कारण विंडोज ही कामं डिस्कवरच्या स्पूल फोल्डरमध्ये ठेवतं. संध्याकाळी कुणीतरी कागद भरला की तुमचं पासबुक बाहेर पडतं आणि दुकानातल्या कुणाच्याही हातात जातं. उठण्याआधी घड्याळाजवळच्या प्रिंटरच्या चिन्हावर डबल क्लिक करा आणि रांगेत तुमचं काम असेल तर उजव्या बटणाने 'कॅन्सल' करा. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड या पानावर 'कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स' अशी एक चौकट असते. तिच्यात खूण असेल तर छापून झालेली कामंही जपून ठेवली जातात. ती चौकट ग्राहकाने बदलायची नाही, पण दुकानदाराला सांगायला हरकत नाही.

फोटो आणि सहीचं काम बहुधा दुकानातला मुलगा करून देतो. स्कॅन करतो, फोटोशॉपमध्ये उघडतो, कापतो, लहान करतो. इथे ब्राउझरचा संबंधच उरत नाही. विंडोजचं जुनं फॅक्स अँड स्कॅन वापरलं असेल तर मूळ स्कॅन डॉक्युमेंट्समधल्या 'स्कॅन्ड डॉक्युमेंट्स' फोल्डरमध्ये पडतं. विंडोजचं साधं स्कॅन ॲप असेल तर पिक्चर्समधल्या 'स्कॅन्स'मध्ये. त्यातून कापलेली सही डेस्कटॉपवर, लहान केलेला फोटो तिसरीकडे. म्हणजे एका सहीच्या तीन प्रती होतात. काम झाल्यावर त्या तिन्ही जागा त्या मुलासमोर उघडायला सांगा आणि पुसून घ्या. संकोच करू नका, सही आणि आधार एकत्र हाती लागणं ही साधी गोष्ट नाही. फोटोशॉपमध्ये फाइल मेनूतल्या 'ओपन रिसेंट'खाली यादी पुसण्याची सोय आहे. वर्ड आणि पेंटही अलीकडच्या फाइलींची नावं दाखवतात. फाइल एक्स्प्लोररच्या पहिल्या पानावर दिसणारी अलीकडच्या फाइलींची यादी फोल्डर ऑप्शन्समध्ये 'प्रायव्हसी'खालच्या 'क्लिअर' बटणाने जाते. कॉपी-पेस्ट केलं असेल तर विंडोज आणि व्ही दाबून बघा. क्लिपबोर्डचा इतिहास चालू असलेल्या संगणकावर आधीच्या २५ पर्यंत गोष्टी तिथे साठलेल्या दिसतात, त्यात तुमचा आधार क्रमांक किंवा पासवर्डही असू शकतो. 'क्लिअर ऑल' दाबा.

सगळ्यात मोठी गळती मात्र व्हॉट्सॲपमधून होते. 'या नंबरवर पाठवा, प्रिंट काढून देतो' असा फलक प्रत्येक दुकानात असतो. सोय खरीच आहे, पण पाठवलेला दाखला दुकानदाराच्या फोनमध्ये, त्याला जोडलेल्या संगणकावर आणि बॅकअप चालू असेल तर बॅकअपमध्येही जातो. पाठवल्यापासून २ दिवस १२ तासांच्या आत 'सगळ्यांसाठी पुसा' करता येतं आणि ते करायलाच हवं, पण प्रिंटसाठी डाउनलोड्समध्ये उतरवलेली प्रत त्याने जात नाही. चॅट पुसला आणि फाइल राहिली, असंच बहुतेक वेळा घडतं. पाठवायचंच असेल तर काम झाल्याबरोबर दोन्ही ठिकाणचं पुसून घ्या.

स्वतःचं व्हॉट्सॲप वेब उघडायचं असेल तर ते गेस्टमध्येच उघडा, आणि क्यूआरच्या पानावर 'स्टे लॉग्ड इन' अशा अर्थाच्या ओळीपुढे खूण असेल तर ती काढून टाका. काम झाल्यावर नुसती खिडकी बंद करणं पुरेसं नाही. आधी लॉग आउट करा. गेस्ट बंद झाल्याने त्या संगणकावरची चावी जाते, पण फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हायसेस'च्या यादीत ते नाव तसंच राहतं आणि मग आपलंच जुनं नाव आणि खरंच घुसलेल्याचं नाव यांत फरक करता येत नाही.

गेस्ट खिडकीच्या आवाक्यापलीकडचं बोलायचं तर पहिलं म्हणजे नेटवर्क. सायबर कॅफेसाठीचे केंद्राचे नियम ११ एप्रिल २०११ रोजी लागू झाले. त्यांनुसार कॅफेला ओळखपत्र पाहून नोंदवही ठेवावी लागते, आणि कोणत्या संकेतस्थळांना भेट दिली त्याचा इतिहास आणि प्रॉक्सीच्या, म्हणजे रहदारी ज्यातून जाते त्या मधल्या सर्व्हरच्या, नोंदी किमान १ वर्ष जपाव्या लागतात. म्हणजे गेस्ट वापरा की इन्कॉग्निटो, संकेतस्थळाचं नाव कॅफेच्या नोंदीत जाऊ शकतं. पत्त्याआधी एचटीटीपीएस (म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवणारी जोडणी) असेल तर त्या संकेतस्थळावरचं नेमकं पान किंवा टाइप केलेला मजकूर मात्र त्या नोंदीत दिसत नाही. याच नियमांत असंही आहे की कप्प्यांच्या भिंती साडेचार फुटांपेक्षा उंच नसाव्यात आणि कप्प्याबाहेरच्या संगणकांचे पडदे मोकळ्या जागेकडे तोंड करून असावेत. तेव्हा मागून बघणारा माणूस इथे गृहीत धरूनच बसायचं. पासवर्ड दिसेल असं डोळ्याचं चिन्ह दाबू नका, ओटीपी मोठ्याने वाचू नका.

इन्कॉग्निटोबद्दल संकेतस्थळांच्या बाजूने जो गैरसमज होता, तो अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. २०२० मध्ये दाखल झालेल्या दाव्यात इन्कॉग्निटोतही गूगल माहिती गोळा करतं अशी तक्रार होती. २०२४ मध्ये झालेल्या तडजोडीत गूगलने त्या काळातल्या अब्जावधी नोंदी पुसायचं मान्य केलं आणि इन्कॉग्निटोच्या पहिल्या पानावरची सूचनाही अधिक स्पष्ट झाली. गेस्टलाही हेच लागू आहे. ही दोन्ही साधनं पुढच्या माणसापासून लपवतात, संकेतस्थळापासून नाही.

एचटीटीपीएसही मधेच उघडलं जातंय का, हे दोन मिनिटांत तपासता येतं. जीमेलच्या पानावर पत्त्याच्या डावीकडचं चिन्ह दाबा, 'कनेक्शन इज सिक्युअर', मग प्रमाणपत्राची ओळ उघडा आणि 'इश्यूड बाय' पाहा. तिथे गूगल ट्रस्ट सर्व्हिसेस असायला हवं. त्याऐवजी एखाद्या अँटीव्हायरसचं, फायरवॉल कंपनीचं किंवा अगदी अनोळखी नाव असेल, तर मधे बसलेलं कुणीतरी तुमचं पान उघडून, वाचून मग पुढे पाठवत आहे. हेतू चांगला असू शकतो, कॉलेजं विषाणू गाळायला असं करतात, पण अशा जागी बँकेत किंवा ईमेलमध्ये लॉगिन करू नका. इतर संकेतस्थळांसाठी तेच पान स्वतःच्या फोनवर मोबाइल डेटावरून उघडून नावं जुळवून पाहा.

दुसरं म्हणजे कीलॉगर, म्हणजे कीबोर्डवर दाबलेलं प्रत्येक बटण टिपणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर. यंत्र असेल तर ते कीबोर्डची वायर आणि कॅबिनेट यांच्या मधे पेनड्राइव्हच्या टोकासारखं बसवलेलं असतं. खाली वाकून एकदा बघायचं. सॉफ्टवेअर दिसत नाही. पडद्यावरचा कीबोर्ड विंडोज, कंट्रोल, ओ दाबून येतो आणि तो यंत्राला चुकवतो, सॉफ्टवेअरला नाही. ते पडद्याचे फोटोही काढू शकतं. म्हणून पासवर्ड टाइपच न करणं हा खरा उपाय आहे. गूगलच्या लॉगिनमध्ये 'दुसरा मार्ग' निवडून फोनवर येणाऱ्या प्रश्नाला 'हो' म्हणता येतं. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये ठेवलेली चावी, असेल तर क्यूआर स्कॅन करून आत जाता येतं. त्यात अडतं ते इथे: पासकीला संगणकातही ब्लूटूथ लागतं, कारण फोन खरंच जवळ आहे ही खात्री त्यातूनच होते, आणि दुकानातल्या जुन्या डेस्कटॉपांमध्ये ब्लूटूथ नसतंच. मग फोनवरचा प्रश्न हाच मार्ग उरतो. या दोन्हीतून पासवर्ड सुरक्षित राहतो, पण संगणक आतून पोखरलेला असेल तर चालू सत्र चोरता येतं, म्हणून लॉग आउट करणं टाळता येत नाही. बँकेचं काम अशा संगणकावर करूच नका. शुल्क भरायचं असेल तर पडद्यावरचा यूपीआयचा क्यूआर स्वतःच्या फोनने स्कॅन करून भरा, म्हणजे कार्डाचा क्रमांक त्या कीबोर्डवर पडत नाही.

बसण्याआधी ब्राउझरचं वय पाहा. तीन ठिपके, 'हेल्प', मग 'अबाउट गूगल क्रोम'. तिथे आवृत्ती १०९ दिसली तर तो विंडोज ७ किंवा ८.१ वरचा संगणक समजा. त्या दोन्हींसाठी क्रोमची ती शेवटची आवृत्ती, जानेवारी २०२३ ची. त्यानंतर सापडलेली भगदाडं तिथे बुजवली गेलेली नाहीत. अशा संगणकावर गेस्ट वापरूनही लॉगिन करू नका, पेनड्राइव्हमधून प्रिंट तेवढी घ्या.

क्रोम नसेल तर एजमध्येही प्रोफाइलच्या यादीत पाहुणा म्हणून ब्राउझ करण्याची सोय आहे आणि ती जवळजवळ गेस्टच्याच तोडीची आहे. फायरफॉक्समध्ये असं पाहुणा प्रोफाइल नाही. कंट्रोल, शिफ्ट, पी दाबून येणारी खासगी खिडकी चांगली आहे, पण तिची मर्यादा इन्कॉग्निटोसारखीच: ती मालकाच्या प्रोफाइलमध्ये चालते.

काही कॉलेज लॅब आणि ग्रंथालयांत घड्याळाजवळ पांढऱ्या अस्वलाचं चिन्ह दिसतं. ते डीप फ्रीझ. संगणक रीस्टार्ट केला की सत्रात झालेला प्रत्येक बदल फेकून देऊन तो मूळ स्थितीत येतो, डाउनलोड्ससकट. अशा ठिकाणी बसण्याआधी एकदा आणि उठताना एकदा रीस्टार्ट करा. आधीचा रीस्टार्ट अधिक मोलाचा, कारण मागच्या माणसाने काही पेरून ठेवलं असेल तर ते त्यात जातं. अस्वलावर लाल फुली लुकलुकत असेल तर संरक्षण त्या वेळी बंद आहे. शिवाय पुष्कळ ठिकाणी फक्त सी ड्राइव्ह गोठवलेला असतो आणि डी मोकळा. डीवर ठेवलेली फाइल रीस्टार्टनंतरही राहते. अस्वल नसलेल्या संगणकावरही सुरुवातीला रीस्टार्ट करावाच, मागची उघडी सत्रं आणि क्लिपबोर्ड जातात. मात्र शट डाउन करून पुन्हा चालू करू नका. विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउनमध्ये यंत्रणेचा काही भाग डिस्कवर गोठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. रीस्टार्टमध्ये तसं होत नाही.

याच्याही पुढचं साधन म्हणजे टेल्स. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू होतो, हार्ड डिस्कला हात न लावता सगळं काम रॅममध्ये चालतं, सगळी रहदारी टॉरमधून, म्हणजे वापरणाऱ्याचा माग लपवणाऱ्या नेटवर्कमधून, जाते आणि बंद करताना रॅम पुसली जाते. २००९ मध्ये अॅम्नेशिया नावाने सुरू झालेला हा प्रकल्प २०२४ मध्ये टॉर प्रकल्पात विलीन झाला. ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि ३ जीबी रॅम लागते. चालू होताना डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, एसुसवर एस्केप दाबून पेनड्राइव्ह निवडायचा. पत्रकार, किंवा ज्यांना संगणकावरच्या सॉफ्टवेअरवर अजिबात विश्वास ठेवता येत नाही, त्यांच्यासाठी हे उत्तम आहे. पण दुकानदार त्याचा संगणक असा सुरू करू देईलच असं नाही, सरकारी फॉर्मची अनेक संकेतस्थळं टॉरला दारातच अडवतात, आणि वायरमध्ये बसवलेल्या कीलॉगर यंत्रापुढे टेल्सही हतबल आहे. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये.

घरी आल्यावर पाच मिनिटं आणखी द्या. गूगल खात्यात 'सिक्युरिटी'खाली 'तुमची उपकरणं' उघडून दुकानातला विंडोज संगणक दिसत असेल तर साइन आउट करा. फेसबुक-इन्स्टाग्रामसाठी अकाउंट्स सेंटरमध्ये 'पासवर्ड अँड सिक्युरिटी'त कुठे लॉगिन आहे ते दिसतं. व्हॉट्सॲपचे लिंक्ड डिव्हायसेस पाहा. पासवर्ड तिथे टाइप करावा लागला असेल तर तो फोनवरून बदला. आणि पेनड्राइव्ह घरच्या संगणकाला लावल्यावर लगेच उघडू नका, आधी स्कॅन करा. दुकानातल्या संगणकांवर शॉर्टकट विषाणू फार फिरतो. तुमचे फोल्डर तो लपवतो आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे, कोपऱ्यात छोटा बाण असलेले शॉर्टकट ठेवतो. बाण दिसला तर डबल क्लिक नको. एक्स्प्लोररमध्ये लपलेल्या वस्तू दाखवण्याची खूण चालू करा. तेवढ्यानेही दिसले नाहीत तर फोल्डर ऑप्शन्समध्ये यंत्रणेच्या फाइली लपवणारी खूणही काढा. मूळ फोल्डर तिथेच असतात. त्यातल्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करा.